चार फटकाऱ्यांचं अक्षर

डँडेनॉन्गमधल्या त्या छोट्या चिनी रेस्टॉरंटमध्ये कामाला लागले, तेव्हा पहिले आठ-दहा दिवस मी रोज सकाळी गॅसच्या कॉकला नमस्कार करत होते. आज हसू येतं, पण तेव्हा मी अगदी मनापासून हात जोडत होते.

त्या कॉकशेजारी पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर लाल मार्करने एक खूण काढलेली होती. एकाखाली एक दोन आडव्या रेघा, आणि त्यांच्यातून खाली उतरणारे दोन पाय, त्यातला डावा जरासा बाहेर फेंगडलेला: 开. तीच खूण दिव्यांच्या बटणावर, तीच धुराड्याच्या पंख्यावर, पाणी उकळायच्या पिंपावर आणि पुढच्या दाराच्या कडीवर. मी सांगलीची. आमच्याकडे नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री येतो, आणि दसऱ्याला शिवणयंत्रापासून मोटरसायकलपर्यंत सगळ्यांना कुंकवाचं बोट लागतं. आग, पाणी, उजेड, दार अशा मोक्याच्या जागी लाल रंगात एकच खूण दिसल्यावर मी काय समजणार? मला वाटलं, हा यांचा श्री. परक्याच्या घरात पाऊल टाकायचं तर आधी त्याच्या देवाला नमस्कार करावा, एवढं वळण आईने लावलेलं होतं.

दहाव्या दिवशी मालक समोर येऊन उभे राहिले. सत्तरीकडे झुकलेले, मूळचे मलेशियाचे, तीस वर्षं मेलबर्नमध्ये. मी त्यांना अंकल म्हणायचे. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं.

"तू रोज माझ्या गॅसची प्रार्थना का करतेस?"

"गॅसची नाही अंकल, तुमच्या देवाची."

त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातातली कोथिंबीर खाली ठेवली आणि इतके हसले की मास्क नाकावरून घसरला. त्यांच्या स्वयंपाक्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. कुठलं बटण कुठे फिरवलं की चालू होतं, ते त्याला कळावं म्हणून त्यांनी जागोजागी 'चालू' असं लिहून ठेवलं होतं. देवाबिवाचा काही संबंध नव्हता.

"मग 'बंद' कुठे लिहिलंय?" मी विचारलं. हार मानायची मला सवय नाही.

"बंदला पट्टी कशाला? सगळं बंदच तर आहे," ते म्हणाले.

आणि खरंच सगळं बंद होतं. २०२० सालचा मेलबर्नचा तो दुसरा लॉकडाउन. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री आठनंतर बाहेर दिसायचं नाही. मी फॉस्टर स्ट्रीटजवळच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचे. विमानंच उडेनाशी झाल्यावर तिकिटं कसली काढणार? नवरा जवळच्या फॅक्टरीत शिफ्टला जायचा, म्हणून घर चाललं होतं. पण मला रिकामं बसता येत नाही. रेस्टॉरंटच्या काचेवर 'पार्सल भरायला माणूस पाहिजे' असा कागद दिसला आणि मी आत शिरले. आतल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या होत्या, आणि गिऱ्हाइकांना जेवण खिडकीतून द्यायचं होतं.

त्या नमस्काराच्या घोटाळ्यानंतर अंकलना माझी शिकवणी घ्यायचा नादच लागला. त्या अक्षराचा उच्चार साधारण 'खाय' असा. रेस्टॉरंटला शोभेल असा, असं मी म्हटलं आणि आमच्याकडे खाय म्हणजे काय तेही सांगितलं. पण त्यांचं हे खाय म्हणजे उघडणे, आणि एवढ्यावर ते थांबत नव्हतं. पिंपातल्या पाण्याला उकळी फुटली की ते म्हणायचे, पाणी उघडलं. आमचा डिलिव्हरीवाला गाडी चालवायचा नाही, गाडी उघडायचा. फूल उघडतं हे मला समजण्यासारखं होतं, पण शाळा सुरू होते तीही उघडते, मीटिंग भरते तीही उघडते, आणि डॉक्टर औषध लिहून देतात तेव्हा तेही औषध उघडतातच. थट्टा करायची तर थट्टा उघडायची. नोकरीवरून काढायचं तर माणसाला उघडून हाकलायचं. आणि माणूस खूश झाला तर त्याचं काळीज उघडलं.

"एका शब्दाला किती कामाला लावाल?" मी म्हटलं.

मग मला आमचं 'लावणे' आठवलं आणि मीही शिकवणी घेतली. आम्ही दिवा लावतो, फोन लावतो, झाड लावतो, अत्तर लावतो, भांडण लावतो, वेळ लावतो. पोराला वळण लावतो. आणि दार लावतो, म्हणजे बंद करतो.

"दिवा लावला की चालू, आणि दार लावलं की बंद?" अंकलनी भुवया चढवल्या. "मग तुम्हा लोकांना कळतं कसं?"

"तुम्हाला जसं कळतं तसंच," मी म्हटलं. त्यावर त्यांनी मला एक वाफाळलेला बन दिला. आमची दोस्ती तिथून पक्की झाली.

ऑक्टोबर अर्धा सरला तसे टीव्हीवरचे रोजचे आकडे उतरू लागले. रेस्टॉरंटं आता कधीही उघडतील अशी बोलवा होती. अंकलनी एक दिवस मला बाहेर नेलं आणि दर्शनी भागाकडे बोट दाखवलं. जुना बोर्ड उन्हाने इतका विटला होता की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, हे दुकान कायमचं गेलं. त्यांना तिथे चार फुटी फळीवर तेच एक अक्षर हवं होतं. उघडं. रस्त्याच्या टोकावरून दिसेल असं.

"प्रिंटरला फाइल पाठवतो," ते म्हणाले. "फ्लेक्सवर दोन दिवसांत मिळेल."

फ्लेक्स हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "काही गरज नाही," मी म्हटलं, "मी काढते. हाताने."

मला इतका राग का आला, ते सांगायला हवं. माझे वडील, आमचे अण्णा, सांगलीत पेंटर म्हणून ओळखले जायचे. घरांना रंग देणारे नव्हेत, बोर्ड लिहिणारे. किराणा दुकान, दवाखाना, सायकलमार्ट, रिक्षांच्या नंबरप्लेटा, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. गावात फिरताना मी त्यांचं अक्षर ओळखायचे. मग फ्लेक्स आला. दुपारी फोटो द्या, संध्याकाळी बोर्ड न्या. दोन-तीन वर्षांत अण्णांकडे येणारी माणसं थांबली. त्यांनी ब्रश धुतले, तेल लावून कागदात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. फ्लेक्सवाल्यांना शिव्या देताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. शिव्या मी दिल्या.

पण माझा राग तिथे संपत नाही, आणि इथून पुढचं सांगायला मला आजही जड जातं. पुण्याला शिकायला गेल्यापासून, आणि ऑस्ट्रेलियात आल्यापासून तर नक्कीच, वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी सांगायचे, ॲडव्हर्टायझिंगमध्ये होते. नवऱ्याला खरं माहीत होतं, बाकी कुणाला नाही. फ्लेक्सने अण्णांचं काम खाल्लं, हे खरं. पण त्यांचं काम लपवलं मी. म्हणून त्या दिवशी अंकलसमोर तोंडातून निघालं, "माझे वडील साइनबोर्ड पेंटर आहेत," तेव्हा माझाच माझ्या कानांवर विश्वास बसेना. हा एक बोर्ड फ्लेक्सच्या हातून हिसकावून घ्यायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

अंकल म्हणाले, "रविवार संध्याकाळपर्यंत. मला पसंत पडलं नाही, तर प्रिंटर."

मी घरी पुठ्ठ्यावर नमुना करायला घेतला. अण्णांनी मला लहानपणी शिकवलं होतं ते हात विसरले नव्हते. खडू लावलेल्या दोरीने चौकटी आखल्या, अक्षराची कड काढली, मग आत रंग भरला. बारीक ब्रशने कोपरे असे धारदार केले की बोट कापावं. माझी सात वर्षांची लेक म्हणाली, "Aai, it looks like a gate." मी खूश. दुसऱ्या दिवशी मिरवत नेला.

अंकलनी पुठ्ठा हातात धरला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"हे लिहिलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "हे रंगवलेलं आहे."

"बोर्ड रंगवतातच," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"अक्षर लिहितात. एकदा ब्रश टेकला की टेकला. कड काढून आत भरायचं, कोपरे घासायचे, हे आमच्यात लहान मुलांनाही करू देत नाहीत. माझ्या वडिलांनी हातावर पट्टी मारली असती." मग माझा चेहरा बघून ते नरमले. "खूप नीटनेटकं आहे. पण मशीननेही असंच केलं असतं. मग प्रिंटर काय वाईट?"

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. ज्या गोष्टीसाठी फ्लेक्सला शिव्या दिल्या, तीच मी हाताने करून आणली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारची गर्दी ओसरल्यावर मी मागच्या दारात उभी राहून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. त्या वर्षी अण्णांशी बोलणं म्हणजे 'जेवलीस का' आणि 'बाहेर पडू नको' यापलीकडे जात नव्हतं. मी पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर धरला आणि तक्रार केली. वाटलं, अण्णा माझी बाजू घेतील.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन जवळ घेतला. "चांगलंय की," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण बसलंय."

"बसलंय म्हणजे?"

"उठंना झालंय. तुझा मालक बरोबर बोलतोय. त्याला लिहायला सांग बघू एकदा."

अंकल शाईची वाटी आणि ब्रश घेऊन आले. एका जुन्या वर्तमानपत्रावर त्यांनी चार फटकाऱ्यांत अक्षर लिहिलं. वरची आडवी, खालची आडवी, डावा पाय बाहेर ओढलेला, आणि मग उजवा पाय सरळ खाली. अण्णा म्हणाले, "परत." मी भाषांतर केलं. अंकलनी पुन्हा लिहिलं. "परत." असं तीनदा झालं. आपल्याला कुणीतरी तपासतंय, हे अंकलच्या लक्षात आलं होतं. ते ताठ बसले.

"कसं दाबतोय, कुठं उचलतोय, बघितलंस का?" अण्णा मला म्हणाले. "हे बोर्डाचं काम नव्हं. हे भिंतीचं काम हाय. ते तू कुठं शिकलीस?"

उन्हाळ्यात अण्णा गावोगाव जायचे, खतांच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती भिंतींवर लिहायला. तिथे आखायला वेळ नसायचा. रुंद ब्रश, एक दम, एक फटकारा, एक रेघ. ओळच्या ओळ लिहून व्हायची, आणि खालीवर सुतभर फरक नसायचा. अकरा वर्षांची असताना मला ते डबा धरायला घेऊन गेले होते. रस्त्याकडेच्या भिंतीपाशी रंगाने माखलेला डबा घेऊन मी उभी होते, आणि वर्गातल्या मुली एसटीतून जाताना मला बघून हात हलवत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. बोर्डाचं काम घरात व्हायचं, कुणाला दिसायचं नाही, म्हणून ते शिकले. भिंतीचं राहून गेलं. नेमकं तेच आता हवं होतं.

"शिकवाल का?" मी विचारलं.

"बोर्डाची फळी कवा लागणार?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढचे पाच दिवस माझी शाळा भरली. नूडल्सचे रिकामे खोके उलगडायचे, जमिनीवर पसरायचे, आणि मी त्यांच्यावर रेघा ओढायच्या. सोया सॉसच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून अण्णा बघायचे. मनगट नको, खांदा हलव. श्वास सोडत रेघ ओढ, रोखून नव्हं. "ब्रश जिथं हाय तिथं बघू नगंस. जिथं पोचायचंय तिथं बघ." हे त्यांनी निदान पन्नासदा सांगितलं असेल. माझ्या रेघा सापासारख्या वळवळायच्या. एकदा वैतागून मी ब्रश फेकला. तो उचलून मी धुवेपर्यंत अण्णा वाट बघत राहिले.

मधेच त्यांचं आणि अंकलचं जुंपलं, माझ्यामार्फत. अण्णांचं म्हणणं, पाय आधी काढावेत, रेघा वरून द्याव्यात. आपण अक्षर लिहून डोक्यावरची रेघ शेवटी देतो तसं. अंकल म्हणाले, मुळीच नाही, आडवं आधी, उभं नंतर, हजारो वर्षं असंच चालत आलंय. दोघे हटेनात. मला एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगताना इतकं हसू येत होतं की मी निम्मं भाषांतर गाळलं.

चौथ्या दिवशी फोन लावला, तर अण्णा दिसेचनात. आईने फोन अंगणाकडे वळवला. अण्णा गुडघ्यावर बसले होते. माळ्यावरचा रुंद ब्रश खाली आला होता, आणि बादलीत तो बुडवून अण्णा शहाबादी फरशीवर पाण्याने तेच अक्षर लिहीत होते. पहिलं लिहून तिसऱ्याला लागेपर्यंत पहिलं उन्हाने वाळून जायचं. अंगण त्या अक्षराने भरलं होतं. रेघांचा क्रम अंकलनी सांगितला तोच होता.

अंकल माझ्या खांद्यावरून बघत होते. "चीनमध्ये, आमच्या आजोबांच्या गावी, म्हातारी माणसं सकाळी बागेत असंच लिहितात, पाण्याने," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. आणि मला इतका अभिमान वाटला की मी मास्कच्या आत ओठ चावला. मलेशियातून आलेला एक जाणता माणूस माझ्या बापाच्या हाताकडे तोंडात बोट घालून बघत होता, आणि हा हात मी इतकी वर्षं झाकून ठेवला होता.

रविवारी दुपारी रेस्टॉरंटच्या मागच्या अंगणात फळी भिंतीला टेकवली. पिवळ्या रंगाचा हात आदल्या दिवशीच देऊन झाला होता. फळी एकच होती आणि दुसरी मिळायला वेळ नव्हता. अंकल एका बाजूला हात मागे बांधून उभे, दुसऱ्या बाजूला डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये अण्णा. माझी पाचावर धारण बसली होती. लाल रंगात ब्रश बुडवला, काठाला निथळला, आणि जिथे पोचायचं तिथे बघितलं.

पहिली रेघ गेली. दुसरी गेली, जरा लांब. तिसरी डावीकडे अशी सुटली की माझं मलाच नवल वाटलं. चौथी सरळ खाली ओढत नेली, पण शेवटच्या वीतभर ब्रश कोरडा पडला आणि लाल रंगात ब्रशच्या केसांचे पिवळे ओरखडे उठले. मी लगेच ब्रश डब्यात घातला. तेवढं भरलं की झालं.

"डोन्ट टच!"

"हात लावू नगंस!"

दोघे एकदमच ओरडले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. मी ब्रश खाली ठेवला. अंकल जवळ आले, त्या ओरखड्यांपाशी बोट नेलं, पण टेकवलं नाही. "इथे वारा आहे," ते म्हणाले. मग खिशातून फोन काढून त्यांनी प्रिंटरसाठी लिहून ठेवलेला मेसेज माझ्यासमोर पुसून टाकला.

दोन दिवसांनी परवानगी मिळाली. खुर्च्या खाली आल्या, काचा पुसल्या. आत मोजकीच माणसं बसवायची होती, तरी दुपारी बाराच्या आधीच दारात रांग लागली. रांगेतल्या एका बाईने वर बघून अंकलना विचारलं, हे कुणी लिहिलं? त्यांनी माझ्याकडे बोट केलं. बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू चिनी शिकलीस?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या वडिलांकडून बोर्ड लिहायला शिकले. पेंटर आहेत ते."

एवढं बोलून मी एप्रनसकट रस्ता ओलांडला आणि अण्णांना फोन लावला. सांगलीत नुकतं उजाडलं होतं. मी कॅमेरा बोर्डाकडे केला.

"मागं जा," अण्णा म्हणाले.

मी दहा पावलं मागे गेले.

"आणखी मागं."

मी बसस्टॉप ओलांडला. एक दुकान, दुसरं दुकान, तिसरं. बोर्ड बोटाच्या नखाएवढा झाला. मी सिग्नलपर्यंत पोचले, तिथून पुढे जायला रस्ताच नव्हता. फोन दोन्ही हातांनी वर धरला.

"इथनंबी वाचता येतंय," अण्णा म्हणाले.

त्यांच्या मागून आईचा आवाज आला, सकाळी सकाळी काय बघताय एवढं?

"पोरीनं बोर्ड लिहिलाय," त्यांनी तिला सांगितलं. "हातानं."